आणि इतर तेहतीस

"कागद दिलास की पोच घे. पोच नाही, तर कागद दिलाच नाही असं समज."

सासऱ्यांचे हे शब्द. जन्मभर कचेरीत शिपाई होते ते. म्हणून तर थोरली सून विद्यापीठाच्या आवक खिडकीसमोरून हलेना. दुसरी कोणी असती, तर अर्ज आत सरकवून केव्हाच निघून गेली असती.

पोच द्यायची म्हणजे वाचणं आलं. खिडकीतल्या कारकुनाने चष्मा लावला. कंत्राटी माणसांच्या तेरा जागा कमी करू नयेत, असा चौतीस जणांचा अर्ज होता. सह्या एकाखाली एक नव्हत्या. मधे एक गोल काढून त्याच्या कडेने केल्या होत्या.

"हे काय, घड्याळ काढलंय?"

"कोणी पहिलं नको, कोणी शेवटचं नको, म्हणून."

"बाई, रजिस्टरात 'अमुक आणि इतर' असं चढवावं लागतं. अमुक कोण ते सांगा." मग त्याने तारखेवर बोट ठेवलं. "आणि ही परवाची एकतीस तारीख. एकतीसला तुमचा खंड होता."

दर सहा महिन्यांनी एक दिवस त्यांना नोकरीतून कमी करत आणि दुसऱ्या दिवशी परत घेत. सलग नोकरीचा हक्क लागू नये म्हणून.

"त्या दिवशी तुम्ही इथल्या नव्हताच. मग इथले कर्मचारी म्हणून अर्ज कसा कराल?"

"त्या दिवशी मी बावन्न मुलांचं प्रॅक्टिकल लावलं."

"लावलं असेल. मीपण इथंच बसलो होतो. पण कागदाला ते कुठं ठाऊक?" त्याने अर्ज परत सरकवला. "नवा करून आणा. पाचला खिडकी बंद. उद्या सकाळी समिती बसली की यादी पक्की."

ती यादी फलकावर नुकतीच लागली होती. राहिलेल्यांची एकवीस नावं. रसायन प्रयोगशाळेपुढे तिचं स्वतःचं होतं. ग्रंथालयापुढे कोणाचंच नव्हतं. ग्रंथालयात तिची धाकटी जाऊ होती.

धाकटीने कारकुनाचं म्हणणं ऐकून घेतलं. कोरा कागद घेतला आणि पट्टीने ओळी आखून त्यांना एक ते चौतीस आकडे घातले. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आठदहा जण जमले होते.

"गोलच बरा होता," भांडारातले दादा म्हणाले. त्यांचं नाव यादीत होतं. "एक नंबरला सही करायची म्हणजे आपणहून मान पुढं करायची. ज्यांची नावं गेली त्यांनीच करावी. त्यांचं आता आणखी काय जायचंय?"

"खरंय दादा," धाकटी मान वर न करता म्हणाली. "पण आमचं नाव वर दिसलं की ते म्हणणार, हे तर गेलेलेच, यांचं काय ऐकायचं? पहिलं नाव राहिलेल्यांतलंच हवं."

सगळे खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"एक नंबर मोकळा ठेव," थोरली म्हणाली. मजकूर अजून लिहायचा होता आणि तिचा दीडचा वर्ग भरला होता. "प्रॅक्टिकल सुटलं की येते."

"नक्की ना, ताई?"

"येते म्हटलं ना."

साडेतीनला धाकटी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. आत मुलं ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत होती.

"अठ्ठावीस झाल्या. बाकीचे म्हणतात, आधी एक भरू दे."

"आणि दादा?"

"त्यांनी चौतिसावा धरलाय. म्हणाले, रांगेत शेवटी उभं राहिलं की धक्का कमी लागतो."

थोरली हसली. धाकटी हसली नाही. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ह्यांचा फोन आला होता. म्हणाले, घरात एक तरी पगार राहू दे, वहिनींना गळ घालू नकोस. तुम्ही नाही केलीत सही, तरी मी मनात धरणार नाही, ताई."

"अगं, तो बघ," थोरली एका मुलाकडे धावली. "हळू सोड. एक थेंब जास्त पडला की पुन्हा पहिल्यापासून."

ती परत दाराकडे वळली, तेव्हा धाकटी गेली होती.

चार वीसला वर्ग सुटला. ती काचसामान विसळत होती, तेवढ्यात विभागप्रमुख लिफाफा घेऊन आले.

"तुमचं नियुक्तिपत्र. अटींखाली सही करून आत्ताच द्या. साहेब निघतायत."

तिने ओल्या हातांनी कागद धरला नाही. त्यांनीच तो टेबलावर उलगडून ठेवला. ती वाकून वाचू लागली. अटी अकरा होत्या. अकरावी अशी, की कोणत्याही सामूहिक अर्जावर सही करणार नाही.

"सगळे करतात हो. वाचत कोण बसतं?"

"वाचलं, सर. ठेवा तिथे."

"थांबू का मी?"

"नको. तुम्हाला उशीर होईल."

रिकामा लिफाफा टेबलावर ठेवून ते गेले. तिने शेवटचं चंचुपात्र पालथं घातलं. खिडकीतून वारा येत होता, म्हणून नियुक्तिपत्रावर ब्युरेटचा स्टँड ठेवला. हात पुसले, एकेक बोट वेगळं, कारण ओल्या हाताला शाई पसरते. ॲप्रन खिळ्याला अडकवला.

भिंतीवरच्या घड्याळात चार पस्तीस झाले होते. ग्रंथालय दोन मजले खाली. कठड्याला हात न लावता ती जिना उतरू लागली.