नेमखुणेवरचं नाणं

नाणं तिसऱ्यांदा पडलं. काउंटरच्या काचेवरून घरंगळत ते दुकानदार लाइलच्या कॉफीच्या मगाला जाऊन टेकलं.

डेलाने पिस्तूल खाली ठेवलं आणि डावा हात जॅकेटच्या खिशात घातला. गाडीचा हीटर बिघडलाय, ती म्हणाली, बोटं गारठलीत. लाइलने मान डोलावली. वायोमिंगमध्ये एप्रिल महिन्यात कुणाचीही बोटं गारठू शकतात.

बोटं गारठलेली नव्हती. दोन वर्षांपासून तो हात थरथरत होता, आणि हे तिने कुणालाही कळू दिलं नव्हतं. वडिलांना तर नाहीच. त्यांचे स्वतःचे हात बारा वर्षं थरथरत होते. आपली ही ठेव मुलीकडे गेली हे त्यांना कळायला नको, एवढंच तिने शेवटपर्यंत जपलं. गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, त्यांना सूप भरवताना तिने डावा हात मांडीखाली दाबून धरला होता. वडिलांनी तिच्या उजव्या हातातल्या चमच्याकडे क्षणभर पाहिलं आणि तोंड उघडलं. फेब्रुवारीत ते गेले.

आता मेंढ्या विणार होत्या. कोल्ह्यांसारखे कायोटी कुंपणापर्यंत येत होते. कोकरू काखेत असताना बंदूक खांद्याला लावता येत नाही; कमरेला छोटं पिस्तूल लागतं. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं : आज दुकानातल्या एखाद्या पिस्तुलावर नाणं टिकलं, तर कुरणावर राहायचं. नाही टिकलं, तर कळप विकायचा आणि डेन्व्हरला भावाकडे जायचं, त्याच्या तळघरातल्या खोलीत.

नाण्याची परीक्षा त्या गावात सगळ्यांनाच ठाऊक. रिकाम्या पिस्तुलाच्या टोकावरच्या नेमखुणेवर एक डाइम, दहा सेंटचं नाणं, ठेवायचा आणि चाप ओढायचा. नाणं हललं नाही, तर चाप तुमच्या हाताचा.

पहिल्या पिस्तुलाचा घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारी मागची हातोडी, आधीच ताणून ठेवावा लागायचा. त्याचा चाप इतका हलका, की तिने ओढायचं ठरवण्याआधीच टक् झालं.  आत गोळी असती तर? दुसरं हल्लीच्या घडणीचं, बाहेर घोडाच नसलेलं. त्याचा चाप थोडा सरकायचा, अडायचा आणि मग एकदम सुटायचा. त्या अडण्यापाशीच हात दगा द्यायचा. ते तिने दोनदा करून पाहिलं.

"तिसरा प्रकार राहिला," लाइल म्हणाला. "लांब ओढीचा. घोडा उचलायचा आणि पाडायचा, दोन्ही कामं चापच करतो."

"ते म्हाताऱ्या शेरीफांचं खेळणं," डेला म्हणाली. "विहिरीतून बादली ओढल्यासारखं."

"तुझा बाप माझीच कॉफी पिऊन असंच तिला नावं ठेवायचा. पण मग पुन्हा प्यायचा."

तो मागच्या खोलीत गेला. तीस वर्षं तिथल्या टेबलावर तिच्या वडिलांनी गावाची हत्यारं दुरुस्त केली होती. परतला तेव्हा त्याच्या हातात तेलकट लाल चौकटीच्या कापडाचं गाठोडं होतं. तो वडिलांचा शर्ट होता; डेलाने ओळखला.

लाइलने पिस्तूल उघडलं, आत गोळी नसल्याची खात्री केली, तिलाही दाखवलं, गोळ्या भरायचं रिकामं मॅगझिन परत बसवलं आणि नेमखुणेवर नाणं ठेवलं.

तिने चाप ओढला. ओढ लांब होती, पण पाण्यातून हात फिरवावा तशी. कुठे खरखर नाही, अडणं नाही. बोट सतत चालत राहिलं आणि त्या चालण्यातच थरथर विरून गेली. टक्. नाणं जागच्या जागी होतं.

तिने पुन्हा ओढला. पुन्हा. नऊ वेळा.

"केव्हा केलं त्यांनी हे?"

"थँक्सगिव्हिंगनंतर सुरुवात केली. जानेवारी संपेपर्यंत चाललं होतं."

डेला त्याच्याकडे बघत राहिली. त्या हिवाळ्यात वडिलांना शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. पेला ओठांपर्यंत नेताना अर्धा सांडायचा. लाइल सांगत होता. तुझा बाप ओरिन सकाळी येऊन बसायचा. घासायचा दगड चापाच्या आतल्या पोलादी पात्यावर टेकवायचा आणि हात थांबायची वाट बघायचा. थांबला की एकदाच घासायचा. मग पुन्हा वाट. एखाद्या दिवशी तीनदाच घासून व्हायचं, तरी खुशीत घरी जायचा.

तिने पिस्तूल उघडून खिडकीच्या उजेडात धरलं. आतल्या पात्याची कड आरशासारखी चमकत होती. केसाच्या जाडीचाही फरक चालत नाही असं हे काम, आणि ते त्या हातांनी केलेलं. चर्चमध्ये बसल्यावरही तिला कधी इतकं लहान वाटलं नव्हतं.

"शेवटपर्यंत स्वतःला चालवता यावं म्हणून केलं असेल," ती म्हणाली.

लाइलने मगातली थंड कॉफी पिऊन टाकली.

"मॅगझिन काढ," तो म्हणाला.

तिने अंगठा दाबला. मॅगझिन अलगद उजव्या तळहातात पडलं. ती थबकली. आयुष्यभर प्रत्येक पिस्तुलाची मॅगझिन सोडणारी कळ तिला, डावखुरीला, पलीकडच्या बाजूला बोट वळवून शोधावी लागली होती. ही सोडवून, उलटी फिरवून अलीकडे बसवली होती, नेमकी तिच्या डाव्या अंगठ्याखाली.

वडील उजव्या हाताचे होते.