रॉयल पामची तान

"आता तुझं गाणं लावतोय," पॉलेट वैजयंतीबाईंच्या कानात ओरडली, आणि दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली ती शेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने, मोहनरावांनी.

वैजयंतीबाई निवांत होत्या. जांभळी रेशमी साडी, वर कार्डिगन, आणि पुढ्यात नाताळच्या काळ्या केकचा दुसरा तुकडा. लंडनमधल्या हाउन्सलोच्या त्या कम्युनिटी हॉलमध्ये पार्टी ऐन रंगात होती. दुपारीच बाहेर अंधारून आलं होतं. आत मात्र जमैकन आज्या, त्यांच्या सुना, नातवंडं, सगळी डान्सहॉल या त्यांच्याकडच्या दणदणीत संगीताच्या ठेक्यावर घाम येईपर्यंत नाचत होती. गाणी लावत होता पॉलेटचा भाऊ एरल. कपाटाएवढे स्पीकर, वायरींचा गुंता आणि त्याची दोन पोरं, या सगळ्या लवाजम्याचं नाव रॉयल पाम. दर नाताळला एरल एक नवं गाणं काढायचा आणि त्यात रॉयल पामचं नाव कुणातरी नव्या माणसाकडून गाऊन घ्यायचा.

यंदाचा आवाज वैजयंतीबाईंचा होता. कामावर विमानातल्या जेवणाचे ट्रे भरताना त्या गुणगुणायच्या, ते शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या पॉलेटने ऐकलं आणि त्यांना भावाच्या गॅरेजमध्ये नेलं. नुसतं नाव म्हणा, एरल म्हणाला होता. नुसतं नाव काय म्हणायचं, म्हणून बाईंनी त्याच्यावर यमनची तान घेतली होती.

स्वतःच्या गळ्याबद्दल त्यांना कधीच शंका नव्हती. शंका असायची ती ऐकणाऱ्यांबद्दल. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्या दरवर्षी एक नाट्यपद गात. लोक बेताच्या टाळ्या वाजवत आणि जेवणाच्या टेबलांकडे बघत. मग शेवटच्या रांगेतून एकच 'वन्स मोअर' येई, आणि तो मोहनरावांचा असे. ते आवाज बदलून ओरडत. एकदा तर त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. "ओळखू येतो हो तुमचा आवाज," बाई घरी जाताना गाडीत म्हणत, आणि मोहनराव एकदम रस्त्याकडे नीट लक्ष देऊ लागत.

एरलने चालू गाणं बंद केलं. हॉल शांत झाला. मग त्या कपाटांमधून वैजयंतीबाईंचा आवाज आला, "रॉयल पाम". पामवरून तान सुटली, वर गेली, वळली, सावकाश खाली आली, आणि ती समेवर टेकते न टेकते तोच ड्रम आणि बेस असे कोसळले की टेबलावरचे ग्लास किणकिणले.

आणि लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. सांताची टोपी घातलेला एक धिप्पाड माणूस दोन्ही मुठींनी टेबल बडवू लागला. मागची मंडळी भिंतीवर थापा मारू लागली. स्वयंपाकघरातून पातेल्याच्या झाकणाचा आवाज आला. सगळे हात वर करून एरलकडे बघत ओरडत होते. एरलने गाणं मध्येच थांबवलं.

मोहनराव उठलेच. डोक्यावरचा, नाताळच्या क्रॅकरच्या पुंगळीतून निघालेला कागदी मुकुट कानावर आला होता. त्यांनी बायकोचा कोट खुर्चीवरून ओढला.

"वैजू, चल. कोट घाल. यांना नाही आवडलं. मी एरलशी बोलतो नंतर. पाहुण्यांना बोलावून हे असं? दिस इज नॉट ऑन."

वैजयंतीबाईंचा चेहरा उतरला. मंडळातल्यांनी निदान टेबल तरी कधी बडवलं नव्हतं. त्यांनी एक हात कोटाच्या बाहीत घातला.

पॉलेटने दुसरा हात धरला. "कुठे निघालीस? गाणं आवडलं की आमच्यात असंच बडवतात. मग ते थांबवून पहिल्यापासून लावावंच लागतं. नाही लावलं तर एरलची धडगत नाही."

बाईंनी बाहीतला हात बाहेर काढला.

"अहो, बसा."

"अगं पण..."

"वन्स मोअर आहे तो. अख्ख्या हॉलचा."

मोहनराव कोट मांडीवर घेऊन बसले. एरलने माइकवरून विचारलं, ही गाणारी बाई आहे कुठे? पॉलेटने बोट दाखवलं. बाई लाजल्या वगैरे नाहीत. उठल्या, पदर सारखा केला आणि चारही बाजूंना नमस्कार केला. जणू एवढी वर्षं हे येणं बाकीच होतं.

गाणं पहिल्यापासून सुरू झालं. "निषाद बघ कसा लागलाय," त्यांनी पॉलेटला मराठीतच सांगितलं. पॉलेटने मान डोलावली. तान समेवर आली आणि पुन्हा तेच, उलट पहिल्यापेक्षा जास्त. झाकणं आता दोन झाली होती. एरलने हसत हात वर केले आणि गाणं परत थांबवलं.

बाई वळल्या. मोहनराव उभे होते. कोट जमिनीवर पडला होता, मुकुट एका डोळ्यावर उतरला होता. दोन्ही मुठींनी ते टेबल बडवत होते आणि तोंड उघडून काहीतरी ओरडत होते. केकची बशी प्रत्येक थापेला उडत होती.

गाणं तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा ते धापा टाकत खाली बसले. बाईंनी त्यांचा मुकुट सरळ केला.

"तुम्ही पण ओरडत होतात?"

"मग. घसा बसला माझा."

वैजयंतीबाईंना इतका आनंद झाला होता की डोळे भरून आले.

"तुमचा आवाज मला नाही ऐकू आला," त्या म्हणाल्या.