ओहोळापलीकडचा माणूस

ओहोळ नजरेत येताच साईशने घट्ट जागा बघून जीप वळवली आणि तिचं तोंड घराकडे करून ठेवलं.

"वळवलंस कित्याक?" सुविधा वैतागली. "पलतडी जावचां आसा मरे!"

"आधी पाणी बघतंय. नाय जमला तर मगे चिखलात वळवत बसाक नको."

साईशचे प्रत्येक ठिकाणी असे काही नियम असत. इतकी वर्षं खाणीवर जीप हाकून त्याने ते अंगी बाणवले होते. लग्नानंतर सुविधाला ते सगळे पाठ झाले. आवडले मात्र नाहीत. आज तर तिला त्यांचा रागच येत होता. सकाळी तिच्या बाबांचा, सदाशिवांचा, डोंगरावरच्या बागायतीतून फोन आला होता. "छातीत भरून इलां. खाटीवरून उठाक जायना," एवढंच ते बोलले आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही. कारापूरहून निघाल्यापासून ती एकच गोष्ट म्हणत होती, बाबांना लवकर इस्पितळात न्यायला हवं.

पाऊस धो धो पडत होता. दोघं चालत ओहोळाच्या काठी आली. एरवी घोटाभर असणारं पाणी आज लाल होऊन फुगलं होतं. साईशने एक फांदी तोडून पाण्यात खुपसली.

"मांडयेक लागता," तो म्हणाला.

"मग जीप जायत ना? फोर बाय फोर कित्याक घेतलंस, शिगम्याक मिरवूक?"

"उभ्या पाण्यातसून जायत. वावत्या पाण्यात ती होडी जाता, सुविधा."

वरच्या अंगाला सुपारीच्या खोडांचा साकव होता. धडधाकट माणूस त्यावरून सहज गेला असता. पण पुढे बाबांच्या घरापर्यंत उभा चढ, आणि खाटेवर पडलेल्या माणसाला उचलून एवढा डोंगर उतरवायचा तर दोघांच्या हातून ते होणार नव्हतं. दुसरी वाट खाणीच्या जुन्या रस्त्याने, डोंगराला वळसा घालून. लांबची, पण दारात जाणारी.

"वेळ जातलो," सुविधा म्हणाली. ती रडायच्या बेतात होती. "एकदा घाल ना रे जीप. माझ्यासाठी."

साईशने फांदी पुन्हा पाण्यात खुपसून पाहिली. बायकोचं रडणं आणि ओहोळाचं पाणी यांत त्याला पाण्याची भीती थोडी कमी वाटू लागली होती. आणखी एकदा म्हणाली असती तर त्याने जीप घातली असती.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर, बांबूच्या बेटाखाली एक माणूस दिसला. डोक्यावरून घोंगडी, हातात उंच काठी. पावसाच्या धारांत तोंड दिसत नव्हतं. त्याने काठी वर केली आणि डावीउजवीकडे हलवली. पुन्हा हलवली. काही बोलला की नाही कोण जाणे. ओहोळाच्या आवाजात स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

सुविधाने साईशचा दंड घट्ट धरला.

"राखणदार," ती पुटपुटली. "येव नको म्हणता."

साईश असल्या गोष्टी हसण्यावारी नेणारा. पण आज तो हसला नाही. घोंगडी आणि काठी घेऊन गावाच्या सीमेवर फिरणाऱ्या राखणदाराच्या गोष्टी त्यानेही आजीकडून ऐकल्या होत्या. तो दिसला तर हाक मारायची नाही, हात जोडायचे आणि मागे वळून न बघता निघायचं. सुविधाने बाबांसाठी आणलेल्या पिशवीतले दोन उंडे पाव काढून काठावरच्या दगडावर ठेवले. दोघांनी हात जोडले आणि पाठ फिरवली.

जीपमध्ये बसतात न बसतात तोच मागे धप्प आवाज झाला. साईशने आरशात पाहिलं. आरशात बघणं म्हणजे मागे वळून बघणं नव्हे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. काठाचा तुकडा दगडासकट पाण्यात गेला होता. जीप घातली असती तर पहिली चाकं तिथेच टेकली असती.

"बघलंस?" सुविधा म्हणाली. "आमका वाचयला त्याणी."

लांबच्या वाटेने ती निघाली. साईशने टायरांतली हवा थोडी कमी केली, चढावर गिअर बदलला नाही, उतारावर ब्रेकला पाय लावला नाही. सुविधाने एकदाही घाई केली नाही. तिचा जीव थोडा खाली बसला होता. ज्याने आपल्याला अडवलं तो बाबांनाही सांभाळील, असं तिला वाटत होतं, आणि तसं ती दोनदा बोलूनही गेली.

बागायतीतल्या घराला बाहेरून कडी होती. सुविधा कडीकडे बघतच राहिली. जीपचा आवाज ऐकून शेजारच्या सुलोचनाकाकी डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन धावत आल्या आणि त्यांनी आधी मागच्या सीटवर डोकावून बघितलं.

"सदाशिव खंय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?" सुविधा म्हणाली. "ते खाटीवर नाय?"

"जरा बरां वाटलां तशे सकाळीच खाली व्हाळाच्या काठार गेले गो! पोरां वावत्या पाण्यात जीप घालतली, म्हणान आयकाकच तयार नाय. मगे माझी घोंगडी दिलंय, काठी दिलंय, आणि सांगलंय, जीप दिसली की काठी वर करून हालवा, लेक धावत येतली."