काचेतला कावळा

पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या दालनात एकच पेटी उघडी होती. तिच्यात राज्यातला एकमेव जिवंत कावळा बसला होता, प्रयोगशाळेत जन्मलेला. विश्रामने आईच्या दहाव्याचा पिंड त्याच्यापुढे ठेवला. कावळ्याने मान फिरवली.

"आटपा," रखवालदार खेकसला. "मागे अजून चार दहावे आहेत."

"तुझ्यामुळे शिवत नाहीये," विश्राम बहिणीवर घसरला. "नवऱ्याला सोडून आलीस, आई त्याच घोराने गेली."

"तिचा जीव कशात अडकलाय ते तुला ठाऊक आहे," मृण्मयी म्हणाली. "बोल."

रांग कुरकुरू लागली. विश्रामने दातओठ खात हात जोडले. "आई, हिला घरात राहू देईन."

कावळा ढिम्म हलला नाही. विश्राम हसला. "बघ. आईलाच नकोयस तू."

पेटीवरची पाटी मृण्मयीने रांगेत असतानाच वाचली होती. 'हा पक्षी भात ओळखत नाही. फक्त वाटीतल्या गोळ्या खातो.' तिने वाटीतली एक गोळी उचलून पिंडात खोचली. कावळ्याने झडप घातली, भात विखुरला.

"शिवला," ती म्हणाली. "आता किल्ली दे."