राजानंदचा फ्लॅट

"फ्लॅट कितव्या मजल्यावर हाय?" अप्पारावांनी चहाची बशी खाली ठेवत विचारलं.

राजानंदने आईकडे पाहिलं. चांगुणाबाई अभिमानाने त्याच्याकडेच बघत होत्या. वडीगोद्रीच्या या दोन खोल्यांच्या घरात राजूरचे अप्पाराव आज स्थळ बघायला आले होते. मुलीलाही, म्हणजे सुमेधालाही, सोबत आणलं होतं, कारण शेवटी राहायचं तिला होतं. आणि राहायचं ते फ्लॅटमध्ये, असं सगळे धरून चालले होते. सगळे, म्हणजे राजानंद सोडून.

"कोणता फ्लॅट?" तो म्हणाला.

"घ्या, आता लाजून राह्यला," जुळवाजुळव करणारे देवानंदमामा हसले. "तूच फोनवर म्हणला ना, फ्लॅट घेतला म्हणून? आक्कानं सोताच्या कानानं ऐकलं."

राजानंदच्या डोक्यात प्रकाश पडला. फ्लॅट त्याने घेतला होता, हे खरं होतं. तो आत कपाटात होता, पिशवीत घालून ठेवलेला.

राजानंद हायवेवरच्या वजनकाट्यावर कामाला. कापसाच्या गाडीत पाच किलो इकडचे तिकडे होऊ द्यायचा नाही. तोच काटा त्याने कानांनाही लावला होता. बाजारातले यच्चयावत हेडफोन खोटं बोलतात, असं त्याचं ठाम मत. कोणी ढोलकी फुगवतो, कोणी गाणाऱ्याच्या गळ्याला साखर लावतो. जो हेडफोन पदरचं काही न घालता गाणं जसंच्या तसं ऐकवतो, त्याला राजानंदसारखी कानसेन मंडळी 'फ्लॅट' म्हणतात. तसा एक राजानंदने वर्षभर शोधून शोधून घेतला आणि आनंदाच्या भरात मित्राला फोन केला, "फ्लॅट घेतला बाबा. आता जिंदगीभर दुसरं काही नको." चांगुणाबाई आत भाकरी थापत होत्या. त्या पिठाच्या हातांनीच उठल्या आणि त्यांनी थेट भावाचं घर गाठलं. राजूरला पोहोचेपर्यंत बातमीला संभाजीनगर, तिसरा मजला आणि लिफ्ट लागली होती.

आता मामा त्याला कोपराने ढोसत होते. "सांग की. तिसरा."

एका शब्दाचं काम होतं. याआधी चार ठिकाणांहून नकार आला होता आणि चारही वेळा कारण एकच, शहरात घर नाही. शिवाय सुमेधा त्याला आवडली होती. मघाशी मामांनी एक विनोद केला तेव्हा सगळे हसले, ती एकटी हसली नाही. विनोद खरंच हसण्यासारखा नव्हता. इतकं बराबर माप असलेलं माणूस राजानंदने पहिल्यांदाच पाहिलं होतं आणि ते हातचं जाऊ नये असं त्याला फार वाटत होतं.

तो उठला, आत गेला आणि हेडफोन आणून अप्पारावांच्या पुढ्यात ठेवला.

"हा फ्लॅट."

अप्पारावांनी तो उलटसुलट करून पाहिला. दार कुठे आहे, ते शोधत असावेत.

"हे तर कानात घालायचं हाय."

"कानावर," राजानंदने दुरुस्ती केली. त्याला राहवलंच नाही. मग त्याने फ्लॅट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. जसजसं समजत गेलं, तसतसे अप्पारावांचे कान लाल होत गेले. चांगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. मामा पंख्याची पाती मोजू लागले.

"म्हंजे शहरात घर न्हाई."

"न्हाई. ह्या दोन खोल्याच हायत."

"चल सुमेधा." अप्पाराव उठले आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागले.

पण सुमेधाने हेडफोन उचलून कानांवर चढवला होता. "थांबा बाबा जरासं," ती म्हणाली. "गाणं तर लावू द्या."

राजानंदने फोनवर गाणं लावलं. ते संपायला पाच मिनिटं लागली. सगळे दहावीच्या निकालाकडे बघावं तसे तिच्या तोंडाकडे बघत होते आणि अप्पाराव एका पायात चप्पल घालून दारात उभे होते. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही.

गाणं संपलं. तिने हेडफोन मांडीवर ठेवला.

"तुम्ही तिसरा मजला म्हणाले असते तरी आम्ही काही आजच बघायला जाणार नव्हतो," ती राजानंदला म्हणाली.

"मला तसं जमत न्हाई," राजानंद म्हणाला. हे बोलताना त्याला स्वतःचा फार राग आला.

"ते दिसलं. मला ते आवडलं." तिने हेडफोनकडे बोट दाखवलं. "पण हे अळणी हाय. बिलकुल अळणी. ढोलकी वाजून राह्यली का कुणी पाटावर बोटं आपटून राह्यलं, काही कळत न्हाई. दोन खोल्यांत मी राहीन. पण रोज हे असलं न्हाई ऐकायची. ह्यात बेस वाढतो का?"

मामांनी डोळे मिटून घेतले. नेमका हाच प्रश्न त्यांनी गेल्या जयंतीच्या दिवशी राजानंदच्या जुन्या हेडफोनवर गाणं ऐकताना विचारला होता. तेव्हा भाच्याने त्यांना गाण्याचा खुनी ठरवून महिनाभर अबोला धरला होता.

राजानंदने फोन हातात घेतला.

"किती वाढवू?" तो म्हणाला.