या वेळी डिव्हिडंड नाही

"आई, या वेळी डिव्हिडंड नाही," त्याने एका दमात सांगून टाकलं आणि फोन कानापासून जरा लांब धरला.

मग त्याने पाठ केलेलं पुढचं म्हणून टाकलं. बाजारात मंदी आहे, कंपन्यांनी हात आखडता घेतलाय, पुढच्या तिमाहीत बघू. आईने विचारलं, सगळ्याच कंपन्यांनी का? सगळ्याच, तो म्हणाला. बरं, वेळेवर जेवत जा, असं सांगून तिने फोन ठेवला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. खरं काय ते सांगून मोकळे व्हा, असं ती आठवडाभर सांगत होती. आता तिने तेही सोडलं आणि कणीक मळायला घेतली.

मंदी बाजारात नव्हती, त्याच्या घरात होती. रंगाच्या कंपनीचं गोदाम बंद झालं होतं आणि गोदामाचा सुपरवायझर दाढी वाढवून घरी बसला होता. आणि डिव्हिडंडचं म्हणाल, तर तो देणारा हाच होता.

आई म्हणजे निवृत्त मेट्रन. उभा जन्म वॉर्डातल्यांना दटावण्यात गेलेला. कुणाकडूनही पैसे घेणं तिच्या लेखी हात पसरणं होतं, मग तो पोटचा मुलगा का असेना. पेन्शन तुटपुंजी, घराचं छप्पर गळकं, पण बाईंचा ताठा कायम. निवृत्तीची रक्कम मात्र तिने एका इंडेक्स फंडात ठेवली होती. देशातल्या ज्या कंपन्या नफ्यातला चांगला वाटा भागधारकांना देतात त्यांची एक यादी असते, त्या यादीतल्या सगळ्यांत थोडे थोडे पैसे घालणारा हा फंड. एकीने दगा दिला तर बाकीच्या आहेत, असं ती शेजारणींना समजावून सांगायची.

हे कळलं तेव्हा मुलाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याने आपल्या पगारातले पैसे तिच्या खात्यात भरले आणि फोन केला, "आई, डिव्हिडंड जमा झाला बघ." आईने मुकाट्याने घेतला. छप्पर दुरुस्त झालं की नाही, हे त्याने विचारलं नाही. विचारलं तर संशय येईल.

खोटं बोलायचं तर नीट बोलायचं, हा त्याचा बाणा. रक्कम कधी गोल आकड्यात भरायची नाही, मागे चिल्लर लावायची. पेपरात कंपन्यांचा नफा वाढल्याची बातमी आली की तोही चार पैसे जास्त घालायचा आणि त्या वेळी जुन्याच बुटांवर आणखी एक हंगाम काढायचा. पुढे पुढे तर फोनवर तो बँकांबद्दल आणि वीज कंपन्यांबद्दल अशी मतं द्यायला लागला, की ऐकणाऱ्याला वाटावं हा बाजारातच लहानाचा मोठा झाला. या सगळ्या गडबडीत तिच्या फंडातून खरंच काही येतं का, हे पाहायच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

फोननंतर दोनच दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात आई. हातात कपड्यांची पिशवी, चेहरा वॉर्डाच्या फेरीला निघाल्यासारखा. गुडघा दाखवायचाय, इथले डॉक्टर बरे आहेत, असं म्हणत ती आत आली. सुनेने चहा टाकला. आईने त्याच्या दाढीकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या त्याच्या डब्याच्या पिशवीकडे पाहिलं, आणि चहा संपेपर्यंत गुडघ्याचंच बोलत राहिली.

मग कप खाली ठेवून तिने सरळ विचारलं, "नोकरी कधी गेली?"

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली. तिने काही सांगितलं नव्हतं. त्याला आधी लाज वाटली आणि लगेच रागही आला. आपण एकही पैसा घेणार नाही, असं तो तिने न विचारताच बोलून गेला. ताठा कुठून आला ते वेगळं सांगायला नको.

माझे नको घेऊस, आई म्हणाली. हे तुझेच आहेत, तू पाठवलेले. छपरापुरते तेवढे घेतले, बाकी सगळे तिने त्याच फंडात टाकले होते, आणि ते बरे वाढले होते. काल तिने त्यातले सहा महिन्यांच्या खर्चापुरते काढायला सांगितले होते.

म्हणजे तुला माहीत होतं, त्याने विचारलं. पहिल्या वेळेपासून माहीत होतं, आई म्हणाली. फंड घेतानाच तिने काउंटरवरच्या मुलीला सांगितलं होतं, मिळेल तो डिव्हिडंड मला देऊ नका, तिथेच परत गुंतवा, हातात आला की उडतो. तेव्हापासून फंडाकडून तिला छदामही आला नव्हता आणि यायचाही नव्हता. सून तोंडाला पदर लावून हसली. त्यालाही हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, आणि दोन्ही एकदम कसं आवरायचं ते त्याला कळेना.

"पण नोकरीचं कसं कळलं तुला? मी तर फक्त मंदी आहे म्हणालो."

आईने चष्मा काढून पदराने पुसला.

"मला डिव्हिडंड देणारी कंपनी एकच रे. तीच म्हणाली मंदी आहे, तेव्हा कंपनीला बघायला आले."