हाताला यश

मुकुंदच्या अंगठीची तळहाताकडची बाजू झिजून पत्र्यासारखी पातळ झाली होती. वरची बाजू मात्र शरयूने लग्नात घातली तेव्हा होती तशीच जाड होती.

ड्रिलमधून पुन्हा नुसताच हिरवा खडक निघाला. ड्रिलवाला म्हणाला, "सायब, सोनं नाही तं नाही, गावाले पाणी तरी लागू द्या!"

मुकुंद हसला नाही. तरुणपणी, लग्न नवं असताना, याच डोंगराच्या स्वतः चाळलेल्या एका नमुन्यात त्याला सोनं सापडलं आणि भूवैज्ञानिक म्हणून त्याचं नाव झालं. नंतरचे सगळे नमुने शरयूने स्वतःची अंगठी काढून ठेवून चाळले. एकातही कण निघाला नाही.

"आण ती चाळणी इकडे. आज मी चाळतो," तो शरयूला म्हणाला. "तुझ्या हाताला यशच नाही."

अंगठी न काढताच त्याने खडकाची पूड चाळणीवर ओतली आणि पूर्वीसारखी तळहाताने चोळायला घेतली. जाळीवर अंगठी करकरली.

शरयूने त्याचं मनगट धरलं. इतकी वर्षं गिळलेलं ती आता मोठ्याने बोलली, "मुकुंद, डोंगरात सोनं कधीच नव्हतं. त्या नमुन्यातलं तुझ्या अंगठीचं होतं. उद्या मी हे आपल्या ऑफिसात सांगणार आहे."